जांभळीखालचा डबा

१९ सप्टेंबर, गुरुवार

पतसंस्थेने जानेवारीत दिलेली ही डायरी फ्रिजवर धूळ खात पडली होती. आज पुसायला उचलली आणि वाटलं, कुणाशी तरी बोलावं. घरात बोलायला तात्या आहेत, पण तात्या बोलत नाहीत.

तात्या म्हणजे माझे सासरे, तात्यासाहेब मगदूम. वय एकोणऐंशी. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत खत-बियाण्याचं दुकान चालवलं तेव्हा आवाज असा की गिऱ्हाईक रस्त्यापलीकडे असलं तरी भाव कळायचा. जूनमध्ये अव्वा गेली. राजमती, माझी सासू. बावीस वर्षांत तिला सासूबाई म्हणायचं मला कधी जमलं नाही. ती गेल्यापासून तात्या बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून असतात. समोर कळंबा रोड दिसतो, पण ते रोडकडेही बघत नाहीत. परवा पर्युषण संपलं, यंदा ते मंदिरातसुद्धा गेले नाहीत.

काल सांगलीहून नणंदबाईंचा फोन. क्रांतीताई म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत बघते. असेच बसून राहिले तर भाऊबीजेला येऊन घेऊन जाते. तू दिवसभर कॉलेजच्या ऑफिसात, श्रेयस मस्कतला. त्यांच्याजवळ आहे कोण?" नवरा तिकडे नोकरीला, मी इथे; म्हणणं चुकीचं नाही, म्हणूनच राग आला.

मला माझं काही नाही. पण तात्यांना सांगली मानवणार नाही. त्यांना इथेच उठवून उभं केलं पाहिजे. कसं, ते ठाऊक नाही.

अव्वा गेल्यावर भेटायला माणसं येतच होती. तात्यांजवळ बसायची, क्रांतीताईंच्या गळ्यात पडायची. मी चहा करत होते. साखर सारखी संपायची.

२२ सप्टेंबर, रविवार

ऑफिसच्या बायकांनी पन्हाळ्याच्या सहलीचा घाट घातला होता. मी नाही म्हणणार होते, पण तात्याच खेकसले, "जा की गं. मला जरा शांत बसू दे. तुझी भांडी लई वाजत्यात." मला वाईट वाटलं. भांडी घासल्याशिवाय घर चालतं का?

गेले. तिथे तटबंदीजवळ एक माणूस गुडघ्यांवर बसून दगडामागे हात घालत होता. पाठीला सॅक, डोक्याला टोपी. मला वाटलं, बाटली लपवतोय. मी सरळ जाऊन दरडावलं, "काय वो पावणं, काय दडवताय?" बिचारा दचकून उठला. पुण्याचा निघाला. लपवत नव्हता, शोधत होता.

जिओकॅश म्हणतात त्याला. कुणीतरी एक छोटा डबा लपवतो, मोबाईलवर त्या जागेचे अक्षांश-रेखांश घेतो आणि वेबसाइटवर टाकतो. जगातलं कुणीही ते आकडे धरून येतं, डबा शोधतं, आतल्या कागदाच्या गुंडाळीवर नाव लिहितं आणि डबा होता तसा ठेवून जातं. बक्षीस काही नाही. मी विचारलं, "मग मिळतं काय?" तो म्हणाला, "चालणं होतं. आणि आपण एरवी कधीच गेलो नसतो अशा जागी जातो."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. तात्यांना चालायला लावलं पाहिजे. अव्वा होती तोवर दोघं रोज सकाळी कळंबा तलावावर जायची. आता तलावाचं नाव काढलं तरी तात्या तोंड फिरवतात.

२५ सप्टेंबर, बुधवार

वेबसाइटवर खातं काढलं. तात्यांना सांगितलं, "तात्या, आपण एक डबा लपवू." त्यांनी एकच प्रश्न विचारला, "डब्यात काय?" मी म्हटलं, कागद आणि पेन्सिल. "मग येणार कोण, यमाजी?" आणि परत गप्प.

बरं. एकटीने करते. दोन-चार आकडे तर टाकायचे.

२९ सप्टेंबर, रविवार

केलं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घेतला. जागा अशी शोधली की शेजारीपाजारी विचारायला येणार नाहीत, रस्त्यापलीकडे मोठी भिंत आहे, तिच्या पायथ्याला झुडपं आहेत. खुरप्याने खड्डा केला, डबा पुरला, वर माती सारखी केली. अव्वा गाडग्यात बी पुरून ठेवायची तसा. मोबाईलवर आकडे घेतले, वेबसाइटवर भरले. खाली लिहून आलं की लगेच प्रसिद्ध होणार नाही, आधी स्वयंसेवक तपासणार.

म्हणजे तिथेही तपासणीस आहेतच. कॉलेजात ऑडिटर, इथे हे.

२ ऑक्टोबर, बुधवार

तपासणारा जो कोणी आहे, त्याने स्वतःचं नाव पाणकावळा असं घेतलंय. इंग्रजीत लिहितो, अगदी नम्र, पण एकही गोष्ट सोडत नाही. आज उत्तर आलं. डबा जमिनीत पुरायचा नाही, शोधायला येणारा प्रत्येक जण मग खणत सुटतो. जागेच्या मालकाची परवानगी हवी. आणि नकाशावर बघता आपला डबा मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीलगत दिसतो आहे, तेव्हा कृपया दुसरी जागा निवडावी.

कळंब्यात राहून जेलची भिंत मला ओळखता आली नाही! मी पुढच्या बाजूने रोज जाते, मागची भिंत कधी पाहिलीच नव्हती. लाज वाटून मोठ्याने वाचलं, स्वतःला शिव्या दिल्या. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून विचित्र आवाज आला. मला वाटलं, तात्यांना ठसका लागला. पाण्याचा तांब्या घेऊन धावले.

तात्या हसत होते.

"जेलच्या भिताडाला खड्डा काढून डबा पुरलीस? रविवारी, दिवसाउजेडी?" डोळ्यांना धोतराचा सोगा लावून हसत होते. "शिपायानं धरली असती म्हंजे? श्रेयसला काय सांगणार हुतो मी, बायको आत हाय म्हणून?"

जूनपासून पहिल्यांदा हसले. मी तांब्या हातात धरून उभी राहिले. माझ्या फजितीवर हसले तर हसू देत, मला चालतंय.

मग विचारलं, "ह्यो कावळा पगार किती घेतो?" मी सांगितलं, काही घेत नाही. जगभर असे स्वयंसेवक आहेत, आपल्या घरी बसून नकाशे तपासतात. तात्यांना ते पटेना. "पगार न्हाय आणि इतकी खोड काढतोय? बाई आसंल. बाप्या इतकं बारीक बगत न्हाय."

संध्याकाळी दूधवाल्यालाही जेलची गोष्ट सांगितली. उद्या सगळ्या कळंब्याला कळेल.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

जेलजवळचा डबा काल उकरून आणला. आज जेवताना तात्या आपण होऊन बोलले. "आकारामच्या बांदाला जांभळ हाय. मुळात ढोली हाय, डबा बसंल. खणायला नको."

मी म्हटलं, मग परवानगी तुम्हीच मागायची, मी त्यांना ओळखत नाही. (ओळखते. आकाराम पाटील तात्यांचे दुकानाच्या काळापासूनचे दोस्त. अव्वा गेली त्या दिवशी सगळं सामान त्यांनीच आणलं होतं.) तात्यांनी ताट पुढे ओढून घेतलं. भाकरी दीड खाल्ली. "तू जेवलीस का?" असंही विचारलं. मी नंतर ओट्याशी उभी राहून खाते, तसं आजही खाल्लं. बसून खायला जमत नाही हल्ली.

६ ऑक्टोबर, रविवार

आलो जाऊन!

रिक्षा सांगत होते तर नको म्हणाले. काठी घेतली, टोपी घातली. रस्ता सोडून पांदीत, शेतांमधल्या वाटेत, शिरल्यावर पावलं हळू झाली. मला भीती वाटली की इथूनच परत फिरतील. तलाव दिसला तेव्हा थांबलेच. मीही थांबले. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग तेच म्हणाले, "चल. उभं राहून काय हुतंय."

आकाराममामा शेतातच होते. तात्यांना बघून हातातलं खोरं टाकलं आणि लांबूनच ओरडले, "आरं तात्या! मेलास आसं वाटलं की मला!"

"मेलो असतो तर तुला सांगून गेलो असतो," तात्या म्हणाले. तोच जुना आवाज. पार तलावापर्यंत गेला असेल.

मी डब्याचं समजावून सांगितलं. मामांना पटवायला वेळ लागला. "लोक डबा शोधत येणार, आणि न्हेणार न्हाईत? मग येणार कशाला?" शेवटी म्हणाले, "ठेवा की. माज्या बापाचं काय जातंय. खरं माणसं आली तर च्या मी पाजणार."

परवानगी मिळाली. जांभळीच्या मुळात खरंच खोलगट ढोली आहे, पुढे एक चपटा दगड लावला की डबा दिसत नाही. मी मोबाईलवर आकडे घेत होते तेव्हा तात्या झाडाच्या दुसऱ्या बाजूला गेले. सदऱ्याच्या खिशातून पुडी काढली. रवा आणि साखर. वाकून मुळाशी मुंग्यांना घातली.

अव्वा इथेच घालायची. रोज. मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, रव्याचा डबा इतक्या लवकर कसा रिकामा होतो. मी मोबाईलकडेच बघत राहिले. तात्यांसमोर कसं रडायचं? त्यांची बायको गेली आहे.

निघताना मामा मला हळूच म्हणाले, "तात्या म्हणत हुता, सुनंला घराभायेर काडायला बरं निमित्त घावलं." म्हातारे एकमेकांशी काय काय बोलतात. निमित्त मी शोधलं आणि श्रेय यांचं.

९ ऑक्टोबर, बुधवार

पाणकावळ्याचा प्रश्न: डब्याची देखभाल कोण करणार? डबा ठेवून निघून जाणाऱ्यांना परवानगी आम्ही देत नाही. भिजला, फुटला, हरवला तर जाऊन बघणारं माणूस जवळ राहणारं हवं.

मी तात्यांकडे बघितलं आणि लिहून टाकलं: माझे सासरे तात्यासाहेब मगदूम आणि मी. दोघंही जवळच राहतो.

"तुमचं नाव दिलंय," मी सांगितलं.

"लेखी?"

"लेखी."

"मग आता झालंच," म्हणाले आणि काठीचं रबर तपासायला लागले.

भाऊबीजेला क्रांतीताई आल्या की हेच दाखवीन. बघा, माणूस जबाबदारीवर आहे. सांगलीला कसा येईल?

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

सकाळी सोनं वाटायच्या आधीच मोबाईल वाजला. प्रसिद्ध झाला! नाव मी 'जांभळीखाली' ठेवलं आहे. पाणकावळ्याने खाली एवढंच लिहिलं: स्वागत. तात्यांना पत्रिका आल्यासारखा आनंद. "आता जगातलं कुणीबी येणार?" कुणीही. "अमेरिकेचंबी?" येईल की. तात्यांनी नवीन सदरा घातला.

१३ ऑक्टोबर, रविवार

पहिलं माणूस अमेरिकेचं नाही, इचलकरंजीचं निघालं. अवंतिका नावाची दातांची डॉक्टर. नवा डबा आला की सगळ्यांच्या आधी जाऊन नाव लिहिण्यात यांना मोठा मान वाटतो म्हणे. पहाटे स्कूटर घेऊन निघाली आणि बांधावर पोचली.

पण शोधायला तिला मिळालंच नाही. आकाराममामा आधीच पाळतीवर. "पावणं, डबा न्हवं? हिकडं या, ह्यो बगा!" म्हणून हाताला धरून ढोलीपाशी नेलं, दगड स्वतः काढला, डबा काढून पुसून हातात दिला. मग धोंडुबाईंनी, म्हणजे मामांच्या बायकोने, चहा दिला आणि चहाबरोबर थालीपीठ. अवंतिकाने वेबसाइटवर लिहिलं आहे: "तीनशेवर डबे शोधले, पण डबा मला शोधत येण्याची ही पहिलीच वेळ. थालीपिठाला पूर्ण गुण."

मी मामांना फोन करून सांगितलं, लोकांना शोधू द्यायचं असतं. मामा म्हणाले, "दारात आल्याल्या माणसाला उनात हुडकत ठेवू? आमच्यात न्हाय बसत त्ये."

१९ ऑक्टोबर, शनिवार

संकट. काल मिरजेची दोन पोरं आली होती. त्यांनी लिहिलंय: डबा उघडला आणि आत मुंग्याच मुंग्या. नाव लिहिता आलं नाही.

दुपारी आम्ही दोघं गेलो. झाकण उघडलं तर काळ्या मुंग्यांनी घर केलेलं. कागदाच्या गुंडाळीभोवती पांढरी अंडी. आणि तळाला एका गूळ-शेंगदाण्याच्या लाडवाचा चुरा.

"तात्या, हा लाडू कुणी ठेवला?"

तात्या तलावाकडे बघायला लागले.

"मी सांगितलं होतं ना, खायचं काही ठेवायचं नाही? नियमात आहे!"

"पावण्याला रिकामा डबा दाखवायचा? कोलापूरचं नाव घालवायचं?" मग आवाज खाली आला. "चारच ठेवल्यालो. तीन कुणीतरी खाल्ले की."

एकीकडे रोज मुंग्यांना साखर घालायची आणि दुसरीकडे त्यांच्या शेजारी लाडू! मी चिडून डबा उलटा करून झटकणार होते. तात्यांनी माझं मनगट धरलं. "न्हाय दीपा. अंडी हाईत त्यात. हत्या हुती. आणि ह्या तिच्या मुंग्या हाईत."

मग काय करणार? डबा ठेवून परत आलो. पाणकावळ्याला खरं ते लिहिलं. लाडवासकट. हत्या नको तेही लिहिलं. आता डबा काढून टाकायला सांगणार. क्रांतीताई आल्यावर दाखवायचं काय, मुंग्या?

२१ ऑक्टोबर, सोमवार

उत्तर आलं. तात्पुरता बंद ठेवतो. खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत हा नियम याचसाठी आहे. पण मुंग्यांना त्यांच्या वेळेने जाऊ द्या, घाई नको. मधूनमधून कळवत राहा म्हणजे पान काढून टाकावं लागणार नाही. आणि शेवटी: त्या कशा जातात ते जाणून घ्यायला मलाही आवडेल.

तात्यांनी दोनदा वाचून घेतलं. "माणूस बरा हाय कावळा. का बाई हाय ती."

२४ ऑक्टोबर, गुरुवार

तात्या रोज सकाळी एकटे जातात. झाकण उघडं टाकून ठेवतात. उजेडात अंडी ठेवायला मुंग्यांना आवडत नाही म्हणे. आणि ढोलीपासून पलीकडच्या मुळापर्यंत रव्या-साखरेची ओळ घालतात, तिकडे अंधारी भेग आहे. ऑफिसला जायच्या आधी मला बातमी मिळते. आज निम्मी अंडी गेली. "तोंडात धरून न्हेत्यात, बाळं न्हेल्यागत. तू यायला पायजेस बगाय." मला कुठे वेळ आहे. परीक्षेची कामं, घर, त्यांचं जेवण.

२७ ऑक्टोबर, रविवार

त्यांनी ओढूनच नेलं. शेवटच्या मुंग्या निघाल्या होत्या. दोघं बांधावर बसून बघत राहिलो. किती वेळ बसलो कुणास ठाऊक. मला बसायची सवयच राहिलेली नाही, आधी पाय अवघडले, मग बरं वाटलं. धोंडुबाईंनी चहा आणला. मी बसून प्यायले, तेव्हा तात्यांनी आकाराममामांकडे बघून मान हलवली. मुंग्या गेल्या म्हणून असेल.

डबा पुसला, नवीन कागद घातला. पाणकावळ्याला कळवलं. संध्याकाळपर्यंत पान परत सुरू झालं. त्याने लिहिलंय की इतकी वर्षं तपासतोय, मुंग्यांना निरोप देऊन सुरू झालेला हा पहिलाच डबा.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

आमच्या जैनांच्या दिवाळीचा निर्वाण लाडू चढवायला तात्या पहाटे मंदिरात गेले. आपल्या पायांनी. मला आणखी काय पाहिजे? आता क्रांतीताई येऊ देत.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

तात्या सांगलीला गेले.

मला अजून खरं वाटत नाही. क्रांतीताई आल्या, तात्यांना बघून रडायलाच लागल्या. "किती बरे दिसताय हो." मी सगळं सांगितलं, मोबाईलवरचं पान दाखवलं. त्या म्हणाल्या, "छान केलंस गं. पण मला पण आई नाही राहिली आता. बाप तरी चार दिवस माझ्याजवळ नको का?" मी तात्यांकडे बघितलं. नाही म्हणतील, लेखी दिलंय म्हणतील, वाटलं होतं.

"येतो की," म्हणाले. "लेकीनं बोलीवलंय."

क्रांतीताईंनी औषधांची फाईल घेतली, बँकेची कागदपत्रं घेतली, स्वेटर घेतले. चार दिवसांसाठी स्वेटर कशाला लागतात? मी पिशवी भरून दिली.

गाडीत बसताना तात्या मला म्हणाले, "डब्याकडं रोज जायचं. नाव दोघांचं हाय." मी म्हटलं, रोज कशाला, रविवारी जाईन. तर डोळे वटारले. "रोज."

मला फार राग आला आहे. एवढं सगळं मी कुणासाठी केलं? चांगले चालते केले आणि ते चालत गेले.

५ नोव्हेंबर, मंगळवार

गेले नाही. ऑफिसातून येऊन झोपले. तात्यांचा फोन: "डबा बगितलास?" खोटं बोलता येईना. म्हणाले, "आसं चालत न्हाय दीपा."

६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी गेले. डबा जागेवर होता, त्याला काय धाड भरली आहे. परत फिरणार तेवढ्यात धोंडुबाईंनी हाक मारली. "आगं, तात्या सांगून गेल्याती, तिला च्या-बिगर सोडू नगंस म्हणून." चहा घेतला. खारं पिठलं आणि भाकरीही खायला घातली. सकाळी साडेसातला पिठलं! पण भूक होती. मलाच माहीत नव्हतं.

९ नोव्हेंबर, शनिवार

रोज जाते आहे. धोंडुबाई बोलतात, मी ऐकते. आज त्यांनी अव्वाचं काढलं. "राजमाक्का इथं बसायच्या. दीपा कशी भाकरी करती, दीपा काय बोलली, दीपाला नवी साडी घेतली, दुसरं बोलणंच न्हाय. मी म्हणायची, लेक हाय का सून गं?"

मी उठून तलावाकडे जाऊन आले. तलावावर ऊन पडलं होतं, डोळ्यांना लागत होतं.

११ नोव्हेंबर, सोमवार

क्रांतीताईंचा फोन. तात्या मजेत आहेत, नातवंडं सोडत नाहीत, आता हिवाळाभर ठेवून घेते. "तुलाही जरा मोकळीक." मी बरं म्हटलं. फोन ठेवून ओट्यासमोर उभी राहिले. एका माणसासाठी किती पीठ मळायचं, ते मला अजून कळत नाही.

खरं लिहायचं तर, तात्यांनी इथे राहावं असं मला माझ्यासाठी वाटतं. सांगली त्यांना मानवते आहे, दिसतंच आहे. न मानवणारी मीच.

पाणकावळ्याला लिहिलं की देखभाल करणाऱ्यांत आता मी एकटीच आहे, तात्यांचं नाव काढावं. त्याने विचारलं, तात्यांनी तसं सांगितलं आहे का? नाही म्हटलं. मग राहू द्या, म्हणाला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी ऑफिसात क्रांतीताईंचा फोन, रडवेल्या. "तात्या घरात नाहीत! पिशवी पण नाही. मोबाईल लागत नाही." साहेबांना न विचारताच निघाले. घरी कुलूप. शेजारी कुणी पाहिलेलं नाही. मग डबा आठवला, आणि पांदीने जवळजवळ पळतच गेले.

तात्या बांधावर बसले होते. शेजारी पिशवी. मांडीवर डबा उघडा ठेवून, चष्मा कपाळावर घेऊन कागदावरची नावं वाचत होते.

"एसटीनं आलो," म्हणाले, जसं काही कोपऱ्यावर जाऊन आले. "मिरजंतनं जागा घावली बसायला."

"सांगून यायचं नाही? क्रांतीताई रडतायत तिकडे!"

"सांगितलं आस्तं तर सोडली आस्ती व्हय तिनं? राहिलो की धा-अकरा दिस. आता फोन लाव, मी बोलतो तिच्यासंगं."

लावला. पलीकडून क्रांतीताई ओरडत होत्या, तात्या ऐकून घेत होते. मग म्हणाले, "आगं बाय, तिथं बरंच हुतं. पानीसुदीक हातात मिळायचं. खरं हितं माझं माणूस एकटं पडलंय. तू ये की हिकडं, पोरांस्नी घेऊन ये. डबा दावतो." बराच वेळ ऐकलं. शेवटी क्रांतीताई हसल्याचं मलाही ऐकू आलं. औषधांची फाईल कुरियरने पाठवते म्हणाल्या.

तात्यांनी कागद गुंडाळला, डबा बंद केला, ढोलीत ठेवून पुढे दगड लावला. मला अजून दम लागला होता.

"डबा बरा हाय," ते म्हणाले. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "आणि तू कशी हाईस?"

जूनपासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. इतकी माणसं आली, गेली, एकानेही नाही. बरी आहे म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं, "मला अव्वा पाहिजे हो, तात्या."

"व्हय," तात्या म्हणाले. "म्हाईत हाय मला."

सरकून त्यांनी बांधावर मला जागा करून दिली. मी बसले आणि हंबरडा फोडून रडले, लहान पोर रडतं तशी. तात्यांनी उठायची घाई केली नाही. आकाराममामा मोठ्याने काहीतरी विचारत येत होते, त्यांना हातानेच लांब थांबवलं.

ऊन कलल्यावर म्हणाले, "चल. दिवस मावळायच्या आत जेवाय पायजे." घरी येऊन भाकऱ्या टाकल्या. तात्यांनी दोन ताटं घेतली, एक माझ्यासमोर ठेवलं, आणि मी बसेपर्यंत घास घेतला नाही.